चाकाच्या पाटीमागची गोष्ट



गावच्या शाळेत पाण्याचा फिल्टर बसवलेला असतो, फाट्यावर एसटीची शेड असते, कुठे ओढ्यावर बंधारा असतो. त्यावर एक दातेरी चाक रंगवलेले दिसते आणि खाली लिहिलेले असते, रोटरी क्लब. पुढे ठाणे, कल्याण नाहीतर डोंबिवली आणि एखादे साल. दुसऱ्या एखाद्या पाटीवर पाठीला पाठ लावलेली दोन सिंहांची तोंडे असतात, ती लायन्सची. आपण त्या पाटीखाली उभ्या राहून गाडीची वाट बघतो, गाडी आली की पिशव्या उचलतो. पाटी वाचायचे कधी काम पडले नाही.

यंदा ते पडले. कल्याण, मुरबाड आणि शहापूर या तिन्ही तालुक्यांतल्या काही बचत गटांना शहरातल्या क्लबांकडून निरोप आले आहेत. ‘तुमच्या गावात आरसीसी काढू, दहा-पंधरा बायकांची नावे द्या.’ आरसीसी म्हटल्यावर आपल्या बायकांना स्लॅब आठवला, त्यात त्यांची चूक नाही. ही आरसीसी म्हणजे रोटरी कम्युनिटी कोअर, गावातल्या लोकांचे सेवा दल. आपण आज तिला गावदल म्हणू. लग्न करून डोंबिवलीत गेलेल्या आपल्या काही मैत्रिणींना इनरव्हील नावाच्या बायकांच्या क्लबाचेही बोलावणे आले आहे. सगळ्यांचा प्रश्न एकच होता, ‘ताई, नाव घालायला हरकत नाही, पण घालायचं कशात?’

आम्ही समन्वयक बसलो, वाचले, क्लबात असलेल्यांना विचारले. जे कळले ते सांगतो. ही गोष्ट शंभरावर वर्षांची आहे आणि तिच्यात बायकांची वाट बरीच लांबची आहे, म्हणून मुळापासून ऐका.

शिकागो शहराचे नाव आपल्याला विवेकानंदांच्या भाषणामुळे माहीत आहे. ते भाषण १८९३ सालचे. त्यानंतर बारा वर्षांनी, २३ फेब्रुवारी १९०५ रोजी, त्याच शहरात चार माणसे संध्याकाळी एका कचेरीत जमली. पॉल हॅरिस हा वकील. तो लहानपणी आजी-आजोबांकडे छोट्या गावात वाढलेला. गावात येता-जाता माणसे हाक मारतात. शहरात वकिली चालली, पैसा मिळाला, पण रविवार खायला उठायचा. गावातून डोंबिवलीच्या चाळीत किंवा टॉवरमध्ये गेलेल्या कुठल्याही सुनेला विचारा, हे दुःख तिला समजावून सांगावे लागणार नाही. त्याच्याबरोबर होते सिल्व्हेस्टर शील, कोळशाचे व्यापारी. गुस्ताव्हस लोअर, खाणीचे इंजिनिअर, ज्यांच्या कचेरीत ही मंडळी बसली. आणि हायरम शोरी, कपडे शिवून विकणारे. ठरले असे की दर वेळी पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत जमायचे. आपली भिशी जशी घरोघर फिरते तसेच. पाळीने फिरणारी म्हणून ‘रोटरी’, आणि म्हणूनच खूण चाकाची.

आता खरे सांगायचे तर तेव्हा सेवाबिवा काही नव्हती. गप्पा मारायच्या आणि एकमेकांना धंदा मिळवून द्यायचा, एवढाच हेतू. म्हणून नियमही तसा होता की एका धंद्याचा एकच माणूस. कोळसेवाला एक असला की दुसऱ्या कोळसेवाल्याला जागा नाही. पाटीवर ‘सेवा’ हा शब्द पुढे आला तो नंतर. आम्हाला हे वाचून बरे वाटले. आपले गटसुद्धा समाज बदलायला म्हणून सुरू झाले नव्हते. कुणाला सावकाराचे देणे फेडायचे होते, कुणाला मुलाच्या वह्या घ्यायच्या होत्या. माणसे आपल्या गरजेने एकत्र येतात आणि मग त्यांना शेजारचे दिसू लागते.

शिकागोच्या मंडळींना पहिल्यांदा जे दिसले ते ऐकून तुम्हाला हसू येईल. ते होते सार्वजनिक संडास. १९०७ साली त्यांनी शहरात भर चौकात सार्वजनिक शौचालय बांधावे अशी मागणी लावून धरली. विरोध कोणी केला? दारूवाल्यांनी आणि मोठमोठ्या दुकानवाल्यांनी. दारूवाले म्हणाले, शहरात सहा हजार गुत्ते आहेत, पुरुषांची सोय तिथे होते. दुकानवाले म्हणाले, बायकांची सोय आमच्या दुकानात आहे. क्लबवाल्यांचे उत्तर सरळ होते. गुत्त्यात गेला की पुरुषाला एक ग्लास घ्यावा लागतो आणि दुकानात शिरली की बाईला काहीतरी विकत घ्यावे लागते. ही सोय कसली, हा तर धंदा. बराच काळ झगडल्यावर शौचालय उभे राहिले. कल्याणच्या बाजारात भाजी घेऊन पहाटे उतरणाऱ्या आणि दुपारपर्यंत पाण्याचा घोटही न घेणाऱ्या आपल्या बायका ही गोष्ट ऐकून म्हणाल्या, ‘मग तो क्लब बरा असणार.’

पण बघा, बायकांच्या सोयीसाठी भांडणाऱ्या त्या क्लबात बाई एकही नव्हती. क्लबाच्या घटनेतच सभासद पुरुष असावा असा शब्द होता. हजेरीचा नियम मात्र आपल्याहून कडक. १९२२ साली ठरले की सलग चार बैठका चुकल्या की सभासदत्व गेले. चुकलेली बैठक भरून काढायची तर दुसऱ्या कुठल्याही गावच्या क्लबात जाऊन बसायचे आणि तशी नोंद आणायची. आपल्या पंचसूत्रीत पहिले सूत्र नियमित बैठकीचेच आहे. भेटल्याशिवाय काही टिकत नाही, हे त्यांनाही आपल्यासारखेच अनुभवातून कळले असावे.

मग बायकांनी काय केले? इंग्लंडमध्ये मँचेस्टर शहर आहे, कापडाच्या गिरण्यांचे. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथल्या रोटरीवाल्यांच्या बायकांनी पुष्कळ मदतकार्य केले होते. युद्ध संपले, पुरुषांचा क्लब चालू राहिला आणि बायकांनी घरी जावे असे जणू ठरून गेले. मार्गारेट गोल्डिंग नावाची एक बाई होती. शिकलेली नर्स, स्वतःचा व्यवसाय चालवणारी. तिने १५ नोव्हेंबर १९२३ रोजी बायकांना बोलावले. जमल्या सत्तावीस जणी. जागा कुठली मिळाली, तर एका तुर्की पद्धतीच्या न्हाणीघरातली, आंघोळीनंतर अंग निववायला बसायची खोली. तिथे ठरले की आपला वेगळा क्लब काढायचा. १० जानेवारी १९२४ ला त्याची रीतसर सुरुवात झाली आणि नाव पडले इनरव्हील, म्हणजे मोठ्या चाकाच्या आतले चाक. अजूनही जगभरचे इनरव्हील क्लब १० जानेवारी हा आपला दिवस पाळतात. आपल्या गटाची पहिली बैठक देवळाच्या ओट्यावर झाली, अंगणवाडीत जागा मिळाली नाही म्हणून बाहेर झाडाखाली झाली, याची कुणी लाज बाळगू नये. शंभर देशांत पोचलेली संघटना न्हाणीघरात सुरू झालेली आहे.

तरी एक गोष्ट आम्हाला खटकली आणि ती बोलून दाखवतो. इनरव्हीलमध्ये पुष्कळ वर्षे तीच बाई जाऊ शकत होती जी कुणा रोटरीवाल्याची बायको, आई, बहीण किंवा मुलगी असेल. म्हणजे बाईची ओळख पुन्हा ‘यांची मिसेस’. अलीकडच्या काळात ती अट सैल झाली आणि निमंत्रणावरून इतर बायकांनाही घेऊ लागले. आपल्या डोंबिवलीच्या मैत्रिणींना बोलावणे आले ते त्यामुळे. नाहीतर रिक्षा चालवणाऱ्याच्या किंवा कारखान्यात फिटर असणाऱ्याच्या घरात ते कसे आले असते?

आता आपल्या देशाकडे येऊ. भारतात पहिला रोटरी क्लब कलकत्त्याला निघाला, त्याला सनद मिळाली १ जानेवारी १९२० ला. सुरुवातीचे सभासद बहुतेक गोरे साहेब. मुंबईचा क्लब १९२९ सालचा. पुढे त्याच कलकत्त्याचे नितीश लाहिरी १९६२-६३ साली साऱ्या जगाच्या रोटरीचे अध्यक्ष झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले आशियाई. साहेबांच्या क्लबात शिरून चाळीस-पंचेचाळीस वर्षांत भारतीय माणूस वरच्या खुर्चीपर्यंत गेला. बायकांना त्याहून खूप जास्त लागली.

बायकांसाठी दार उघडा, ही मागणी सगळ्यात आधी ज्यांनी केली त्यांत आपल्या देशातला एक क्लब होता. १९५० साली, म्हणजे आपले संविधान लागू झाले त्याच वर्षी, भारतातल्या एका रोटरी क्लबाने ठराव पाठवला की घटनेतला ‘पुरुष’ हा शब्द काढून टाका. ठराव मंजूर झाला नाही. पाच वर्षांनी, १९५५ साली, अहमदाबादला भारतातला पहिला इनरव्हील क्लब सुरू झाला. म्हणजे मुख्य दार उघडेना, तेव्हा इकडेही बाजूचे दार निघाले. १९६४ साली शेजारच्या सिलोनमधून, आताच्या श्रीलंकेतून, तशीच मागणी गेली. तीही पडली.

मग अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात ड्युआर्ट नावाच्या लहानशा गावातल्या क्लबाने ठरावबिराव न पाठवता १९७७ साली सरळ तीन बायकांना सभासद करून घेतले. कारण फार थोर नव्हते. सभासद कमी पडत होते, आणि गावात काम करणाऱ्या बायका होत्या. वरून हुकूम आला, बायकांना काढा. क्लबाने ऐकले नाही. पुढच्या वर्षी क्लबाचीच सनद काढून घेतली. ती माणसे कोर्टात गेली. बरीच वर्षे खटला चालला आणि ४ मे १९८७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध शून्य असा निकाल दिला की क्लबाला बायकांना नाकारता येणार नाही. त्याच वर्षी ड्युआर्ट क्लबाच्या अध्यक्ष झाल्या सिल्व्हिया व्हिटलॉक, एका शाळेच्या मुख्याध्यापिका. जगातली ती पहिली बाई रोटरी अध्यक्ष. १९८९ साली घटनेतून ‘पुरुष’ हा शब्द साऱ्या जगासाठी निघाला. साऱ्या जगाच्या रोटरीच्या अध्यक्षपदी बाई यायला मात्र २०२२ साल उजाडले, कॅनडाच्या जेनिफर जोन्स. १९०५ पासून मोजा, ११७ वर्षे.

लायन्सची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण वाट बरीचशी सारखीच आहे. तोही शिकागोचाच, १९१७ सालचा, विमा व्यवसायातल्या मेल्विन जोन्स यांनी सुरू केलेला. १९२५ साली हेलन केलर त्यांच्या अधिवेशनात गेल्या. त्यांना दिसत नव्हते, ऐकूही येत नव्हते. त्यांनी अंधांसाठी काम करा असे आवाहन केले. गावात मोतीबिंदूचे शिबिर आले की त्यावर बहुतेक वेळा सिंहांची पाटी असते, तिचे मूळ त्या एका बाईच्या भाषणात आहे. भारतात लायन्स १९५६ साली मुंबईत आले. सभासद म्हणून बायकांना त्यांनीही १९८७ सालीच घेतले.

यात ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द वारंवार येतो आणि आपल्याला वाटते, साता समुद्रापलीकडच्यांचे आपल्याशी काय काम? तर जरा आपल्या कल्याणकडे बघा. आनंदीबाई जोशी कल्याणच्या, जन्म १८६५ चा. त्यांच्या नवऱ्याने, गोपाळरावांनी, बायकोच्या शिक्षणासाठी लिहिलेले पत्र अमेरिकेतल्या एका मासिकात छापून आले. न्यू जर्सीच्या थिओडिशिया कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे बसल्या असता ते मासिक त्यांनी सहज चाळले. ओळख ना देख, त्यांनी पत्र लिहिले. १८८३ साली आनंदीबाई बोटीने गेल्या त्या याच बाईंच्या घरी उतरल्या, आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी, बावीस वर्षेही पुरी झाली नसताना, त्या पुण्यात गेल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंनी आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या. तेव्हा ना रोटरी होती ना इनरव्हील. दूरच्या माणसाचे आपल्यावाचून अडले आहे हे एखाद्याला कळते आणि तो पत्र लिहितो, एवढ्यावर सुरू झालेली ही गोष्ट. क्लबांनी त्याला पुढे रजिस्टर, वर्गणी आणि पाटी दिली.

रोटरीच्या ज्या कामात आपण सगळ्या होतो, ते म्हणजे पोलिओ. १९७९ साली फिलिपीन्स देशातल्या साठ लाख मुलांना डोस देण्यापासून त्यांनी सुरुवात केली. १९८५ साली जगभरातून पोलिओ घालवण्यासाठी पैसा उभा करायचे ठरवले आणि पुढे जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि सरकारे यांच्याबरोबर हे काम चालले. २००९ साली भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण होते, जगातले जवळजवळ निम्मे. २०१० साली ४२. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालमधला. २७ मार्च २०१४ रोजी आपल्याला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

आता आठवा तो रविवार. बूथवर बॅनर क्लबाचा, टोप्या क्लबाच्या, कधी मुलांसाठी फुगे आणि शिट्ट्याही. क्लबाची माणसेही सकाळी बूथवर येऊन बसायची, ते नाकारत नाही. पण बर्फाचा डबा खांद्याला अडकवून पुढचे पाच दिवस पाड्यापाड्यावर, वीटभट्टीवर, स्टेशनच्या कडेच्या झोपड्यांत कोण फिरले? अंगणवाडी सेविका, मदतनीस, पुढे आशाताई. डाव्या करंगळीला काळी खूण करायची, दारावर खडूने ‘पी’ लिहायचे, मूल राहिले असेल तर ‘एक्स’, आणि ‘एक्स’च्या घरी पुन्हा जायचे. त्या खडूच्या खुणा पावसात धुऊन गेल्या. पाट्या राहिल्या. यात क्लबाचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. पाटी ज्याच्याकडे रंग असतो त्याची लागते.

गावदलाची कल्पनाही फिलिपीन्सच्याच माणसाची, मनिलाचे वकील एम. ए. टी. कापारास यांची. ते १९८६-८७ साली रोटरीचे जागतिक अध्यक्ष होते. गावातल्या कामाचे शहरातल्या माणसाने ठरवायचे आणि गावाने हात पसरायचे, हे त्यांना पटत नव्हते. गावातलेच लोक एकत्र येतील, आपली गरज आपण ठरवतील, कष्ट आपले घालतील आणि शहरातला क्लब पाठीशी उभा राहील, असे त्यांनी मांडले. पहिले नावच होते रोटरी व्हिलेज कोअर, म्हणजे शब्दशः गावदल. नंतर ‘व्हिलेज’ जाऊन ‘कम्युनिटी’ आले. आज भारतात अशी दले हजारोंनी आहेत.

नाव घालण्याआधी काय समजून घ्यायचे ते आता सांगतो. कमीत कमी दहा सभासद लागतात. गटाला लागतात तेवढेच, म्हणून क्लबांची नजर बचत गटांवर येते. दलाचे पदाधिकारी दलातून निवडायचे असतात, क्लबाने नेमायचे नसतात. रोटरीच्या सभासदाला वर्षाला हजारो रुपये वर्गणी बसते, दलातल्या बाईला ती नाही. आणि म्हणूनच दलात नाव घातले म्हणजे आपण रोटरीचे सभासद झालो, असे नाही. क्लबाच्या निवडणुकीत आपल्याला मत नाही. मँचेस्टरच्या बायकांना आतले चाक मिळाले होते, हे त्याच्याही बाजूचे आहे, असे कुणी म्हटले तर आम्ही वाद घालणार नाही. तरी आमचे मत आहे की नाव घालावे. न्हाणीघरातल्या त्या सत्तावीस जणी ‘दार उघडेल तेव्हा बघू’ म्हणत बसल्या असत्या, तर बसूनच राहिल्या असत्या. फक्त आपला ठराव, आपले पासबुक आणि आपली वही आपल्याच हातात राहिली पाहिजे. दलाचे काम गटाच्या बचतीत मिसळायचे नाही. हिशेब वेगळा, खाते वेगळे.

दुसरी गोष्ट जुलैची. या क्लबांचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि अध्यक्ष दरवर्षी बदलतो. चार-पाच वर्षांपूर्वी शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर एका क्लबाने, नाव घेत नाही, मे महिन्यात दोन घरघंट्या कबूल केल्या. बायकांनी खोली सारवून ठेवली, विजेचे बघून ठेवले. जुलैत अध्यक्ष बदलले. नव्या अध्यक्षांना झाडे लावायची होती. ते रोपे घेऊन आले तेव्हा सगळा पाडा आवणीला शेतात. कुणी भेटले नाही म्हणून ते नाराज, घरघंटी आली नाही म्हणून बायका नाराज. दोघांचेही काही चुकले नव्हते, कागद मात्र कुठेच नव्हता. म्हणून जे कबूल होईल ते मे महिन्यात लेखी घ्यावे, त्यावर येणाऱ्या अध्यक्षाचीही सही घ्यावी. येणाऱ्या वर्षाचा अध्यक्ष कोण हे त्यांना आधीच ठाऊक असते. आणि त्यांना सांगावे की साहेब, जुलैत आमच्याकडे या, पण चिखलात यावे लागेल.

आणखी एक बारीक गोष्ट. क्लबवाले ‘आमचा डिस्ट्रिक्ट’ म्हणतात तो आपला ठाणे जिल्हा नव्हे. आपल्या भागातले रोटरी क्लब त्यांच्या ३१४२ क्रमांकाच्या डिस्ट्रिक्टमध्ये येतात, त्याच्या हद्दी वेगळ्या. कलेक्टर ऑफिसशी त्याचा संबंध नाही. एका ताईंनी पत्रावर ‘डिस्ट्रिक्ट गव्हर्नर’ वाचले आणि त्यांना वाटले राज्यपाल येणार आहेत.

नव्या सभासदाची ओळख करून देण्याची या क्लबांत जुनी रीत आहे. कुणीतरी जुना सभासद त्याला उभे करतो, नाव सांगतो, छातीवर चाकाची पिन लावतो. मग त्या माणसाने आपला व्यवसाय काय आणि तो कसा चालतो हे सांगायचे असते. एका धंद्याचा एक माणूस, या जुन्या नियमातून ती रीत आली. चार प्रश्नांची एक कसोटीही त्याला सांगतात. जे बोलतो-करतो ते खरे आहे का, सगळ्यांना न्याय देणारे आहे का, त्याने स्नेह वाढेल का, आणि त्यात सगळ्यांचे भले आहे का. ही कसोटी १९३२ साली हर्बर्ट टेलर यांनी लिहिली, तेव्हा ते ॲल्युमिनियमची भांडी विकणारी एक बुडत चाललेली कंपनी सांभाळत होते. भांड्यांच्या दुकानातून आलेली आहे म्हणून आपल्याला ती जवळची वाटायला हरकत नाही.

ओळख करून द्यायची वेळ आली की आपल्या बायका काय सांगतात ते आम्ही पाहिले आहे. नाव सांगतात, नवऱ्याचे नाव सांगतात, आणि मग ‘काही नाही, घरीच असते.’ फॉर्मवर ‘गृहिणी’. अहो, पहाटे चारला उठून माठ, भेंडी, काकडी घेऊन कल्याणच्या बाजारात बसते ती भाजी व्यापारी आहे. नाचणीचे पापड करून ठाण्याच्या प्रदर्शनात विकते ती उत्पादक आहे. राब भाजणे, पेर, आवणी, कापणी, झोडणी हे सगळे जिला येते ती शेतकरी आहे, सातबाऱ्यावर नाव असो नसो. वीस बायकांचे व्याज तोंडी सांगते ती हिशेबनीस आहे. रोटरीनेसुद्धा आता आपल्या नियमात लिहिले आहे की मुले वाढवण्यासाठी किंवा जोडीदाराच्या कामाला हातभार लावण्यासाठी जिने नोकरी सोडली किंवा कधी धरलीच नाही, तिलाही सभासद होता येते. घरचे काम सभासदत्वाच्या आड येणार नाही, हे त्या घटनेत यायला शंभरावर वर्षे लागली. आपण मात्र अजून ‘काही नाही’ म्हणतो.

तेव्हा ज्या गटांना निरोप आले आहेत त्यांनी असे करा. येत्या मासिक बैठकीत विषय घ्या, घाई नको. गावाची गरज आधी आपल्यात ठरवा. पाणी, शौचालय, शिलाई, मुलींची सायकल, जे असेल ते एकच, आणि ते वहीत लिहा. क्लबवाल्यांनी काय आणले आहे ते त्यानंतर ऐका. दल करायचे ठरले तर ठराव मांडणारीचे आणि अनुमोदन देणारीचे पूर्ण नाव लिहा, दहाही जणींच्या सह्या घ्या. अंगठा असेल तर समोर नाव. प्रत्येकीच्या नावापुढे एक रकाना आखा, ‘व्यवसाय’. तो कुणाचाही कोरा राहणार नाही हे सचिवांनी बघायचे. वहीची झेरॉक्स आमच्याकडे बाजाराच्या दिवशी पोचवा, पुढची बोलणी करायला आम्ही बरोबर येतो.